उलट्या कपाच्या बाई

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुरिअरवाला आला की आधी दुसऱ्या मजल्यावर जायचा, आणि मग गोंधळून खाली येऊन माझी बेल वाजवायचा. "काकू, वरती दाराला नाव नाही, बेल नाही. नुसता चहाचा कप कोरलाय. तोपण उलटा." मी हाताचं पीठ झटकत सांगायची, "तेच घर. कडी वाजव. आणि कप उलटा का, ते मात्र विचारू नकोस. त्या सांगायच्या नाहीत, आणि तुला ते कोडं सुटल्याशिवाय हलू द्यायच्या नाहीत."

त्या म्हणजे आमच्या वरच्या बाई. सगळी सोसायटी त्यांना ‘उलट्या कपाच्या बाई’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते मनातून आवडतही होतं.

पाटी त्यांनी स्वतः कोरलेली. उलटा कप, शेजारी एक दार, बस. मी बिबवेवाडीत त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा मला वाटलं, बाईंना आल्यागेल्याला चहा द्यायचा नाही म्हणून कप पालथा घातलाय. पुण्यात असंही असू शकतं, नाही असं नाही. मग एक दिवस मंडईतून पिशव्या घेऊन जिना चढताना एकदम डोक्यात उजेड पडला. चहा उलटा वाचला तर काय होतं? हाच. हाच दरवाजा! मी तशीच पिशव्यांसकट वर गेले, कडी वाजवली आणि धापा टाकत म्हटलं, "हाच दरवाजा!"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग आत या की," म्हणाल्या. "दारात उभं राहून कशाला ओरडताय?"

आता बाई नाहीत. ती पाटी माझ्या दाराला आहे. नवे कुरिअरवाले आता माझ्याच तोंडाकडे बघतात आणि मीही सांगत नाही. वळण लागलं ते लागलं.

बाई दिसायला उंच, काटकुळ्या. सुती साडीवर पुरुषी घड्याळ आणि कानावर पेन्सिल, अगदी सुतारासारखी. आयुष्यभर त्यांनी जपानी दुभाष्याचं काम केलं होतं. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत जपानी साहेब यायचे, तेव्हा यंत्राशेजारी उभं राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायचं. निवृत्तीनंतर घरीच शिकवण्या घ्यायच्या. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या रानात वाढले, लग्न करून शहरात आले, आणि पुढचं सगळं शिक्षण वाचनालयात आणि वाण्याच्या पुडीच्या कागदांवर केलं. पुडी सोडली की कागद सरळ करून वाचल्याशिवाय मी आजही टाकत नाही. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्ही माझ्या कामाच्या आहात. शिकलेली माणसं चित्राखाली काय लिहिलंय ते आधी बघतात."

आणि त्यांनी ते पुस्तक काढलं.

आधी मला हात धुवायला लावले. मग पुसायला लावले. मग स्वतः हात बघितले, लहान मुलांचे बघतात तसे. मग रेशमी फडक्यातून एक पातळसं पुस्तक निघालं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी जपानात लाकडी ठशांवरून छापलेलं. लाकडाच्या फळीवर चित्र उलटं कोरायचं, काजळी लावायची, वर कागद ठेवून घासायचं, अशी ती छपाई. पुस्तकात गोष्ट नाही, कविता नाही, नुसती कोडी. चित्रांची कोडी. जपानीत डोळ्याला ‘मे’ म्हणतात, दाताला ‘हा’, हाताला ‘ते’. ही चित्रं एकापुढे एक मांडली की त्यांच्या आवाजांचा मिळून भलताच शब्द तयार होतो. चित्र अर्धं काढलं असेल तर शब्दही अर्धाच घ्यायचा. उलटं काढलं असेल तर उलटा वाचायचा. एका पानावर एक इरसाल माणूस धोतर वर करून चक्क वारा सोडत होता. आमच्या पहिल्या मजल्यावर वर्ध्याची एक सून राहते, नवरा आयटीत. ती त्या दिवशी माझ्याबरोबर होती. तिनं तोंडाला पदर लावला. "अवं बाप्पा! काकू, हा माणूस तं पादून राहिला न!"

बाई जराही हसल्या नाहीत. "बरोबर. त्याला जपानीत ‘हे’ म्हणतात. अक्षर आहे ते. पुढे वाचा."

असं शिकवणं. आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर, आणि बाई पुढच्या पानावर.

मी पान उलटताना म्हटलं, "बाई, ही पानं एकमेकांना चिकटलीत. सुटी करू का?" तर त्यांनी पुस्तक माझ्या हातून असं काढून घेतलं, जसं तान्हं बाळ घेतात. मग समजावलं. त्या पुस्तकांत कागद एकाच बाजूला छापतात. मग तो मधोमध दुमडतात, छापलेली बाजू बाहेर ठेवून. ती दुमड येते वाचणाऱ्याच्या बोटांकडे, आणि कागदाच्या सुट्या कडा मागे दोऱ्यानं शिवतात. म्हणजे प्रत्येक पान दुहेरी. उशीच्या अभ्र्यासारखं, आतून कोरं. "दुमड म्हणजे या पुस्तकाचा कणा आहे," बाई म्हणाल्या, "फक्त तो पोटाकडे आहे."

सगळ्यात आवडतं पान त्यांचं एकच. एक विळा, एक कडं आणि एक अक्षर. विळा म्हणजे ‘कामा’, कडं म्हणजे ‘वा’ आणि अक्षर ‘नु’. कामावानु. म्हणजे, काही बिघडत नाही, मला पर्वा नाही. बाई म्हणायच्या, हे कोडं करणारा मागच्या जन्मी सदाशिव पेठेत राहत असणार.

उत्तर सांगायचं नाही हा बाईंचा धर्मच होता. "आयतं उत्तर देणं म्हणजे समोरच्याला बुद्धी नाही असं तोंडावर म्हणणं," असं त्यांचं मत. त्यामुळे साधं काही हवं असलं तरी त्यांच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत दोरीनं टोपली यायची आणि टोपलीत चित्र. एकदा चिठ्ठी आली: अर्धं ताट आणि अर्धा कप. मला वाटलं, बाईंना बरं नसेल, भूक कमी असेल. मी अर्धं ताट पोहे आणि अर्धा कप चहा पाठवला. टोपली परत आली. आत लिहिलेलं, "चूक. पोहे चांगले होते." मी खिडकीत उभी राहून विचार करत राहिले. ताट अर्धं म्हणजे ‘ता’. कप अर्धा म्हणजे ‘क’. अहो, ताक! मी तांब्या भरून ताक पाठवलं तेव्हा वरून आवाज आला, "आता कढीच करा. उन्हं उतरली."

शिकवणीला येणारी आयटीची मुलं मात्र कावायची. त्यांना परीक्षा पास होऊन तिकडे जायची घाई. एकजण म्हणाला, "मॅम, हे पझल्स वगैरे एक्झामला येणार आहेत का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही येणार आहात का परीक्षेला, ते आधी बघू." तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. बाकीचे राहिले, आणि सगळे तिकडे चांगल्या नोकरीला लागले. हे मी अभिमानानं सांगते, कारण त्यातल्या प्रत्येकानं जाताना माझ्या हातचे लाडू नेलेत.

हे पुस्तक बाईंकडे आलं कसं, ते त्यांनी फार उशिरा सांगितलं. तरुणपणी त्यांच्या कारखान्यात एक जपानी इंजिनियर यंत्र बसवायला आले होते. काम लांबलं, साहेबांना करमेना. मग दर रविवारी ते कुठल्याही बसमध्ये बसायचे आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यायचे. बसच्या पाट्या वाचून वाचून मराठी अक्षरं शिकले. कंडक्टर ओरडतो तसे स्टॉप ओरडायला शिकले. "स्वारगेऽऽट! चला, उतरून घ्या!" कारखान्यात यंत्र सुरू करतानासुद्धा ते "चला, पुढे सरका" म्हणायचे म्हणे. परत जाताना त्यांनी बाईंना हे पुस्तक दिलं. आजोबांचं होतं त्यांच्या. बाई नको म्हणाल्या, एवढं मोलाचं कसं घेऊ? तर साहेब म्हणाले, "फुकट नाही. तुझ्या गावाचं असंच पुस्तक कर आणि मला पाठव. उत्तरं लिहू नकोस. मी शोधीन."

बाईंनी हो म्हटलं आणि मग नोकरी, आईचं आजारपण, यात सगळं आयुष्य गेलं. आता साहेबांच्या मुलीचा फोन आला होता. बाबा थकलेत. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याचंही फार दिवस सांगता येत नाही. ते विचारतात, पुण्याच्या पुस्तकाचं काय झालं?

तो फोन ठेवल्यावर बाई थेट टिंबर मार्केटला गेल्या.

मग आमच्या सोसायटीनं जे बघितलं ते दुसऱ्या कुठल्या सोसायटीनं बघितलं नसेल. तिकडे चेरीच्या लाकडावर कोरतात. इथे चेरी कुठून आणणार? सागवान कोरताना तुकडे उडायला लागले. शेवटी शिवणीचं लाकूड जमलं. मऊ, पण टणकही. दिवसभर वरून ठकठक. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. "अहो बाई, दुपारी माणसं झोपतात." बाई म्हणाल्या, "मग त्यांना सांगा, शांतपणे झोपा. मी कुठे उठवतेय? मी कोरतेय." सेक्रेटरी जिना उतरले ते माझ्याकडे पाणी प्यायला.

विषय ठरलेलाच होता: बसच्या पाट्या. साहेबांना येणारं मराठी तेवढंच ना! घोड्यावरचा स्वार आणि फाटक, स्वारगेट. सोन्याचा हंडा आणि कवडी, धनकवडी. एक हात ‘ये रे, ये रे’ म्हणून बोलावतोय आणि कढईत बटाटेवडा, येरवडा. सासवडचं पान मला फार आवडतं. एक खाष्ट सासू, पण कमरेपर्यंतच, म्हणजे नुसती ‘सास’, आणि मागे मोठं वडाचं झाड. वर्ध्याच्या सुनेनं ते पान बघून विचारलं, "बाई, सासूले अर्धीच कायले काढली जी?" बाई म्हणाल्या, "पूर्ण काढली की पान पुरत नाही." ती पोर इतकी हसली की खालून तिच्या सासूबाई वर आल्या, आणि मग आम्ही सगळ्यांनीच तोंडं बंद केली.

मांजरीचं पान माझ्या माहेरचं. पिल्लांना पाजणारी मांजर, उसाच्या सावलीत. ऊस कोड्यात लागत नव्हता. बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी घातला. बोलू नका कुणाला." बाईंनी कुणासाठी नियम मोडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

एकेक ठसा कोरून होत होता आणि मला दिसत होतं की बाईंचा उजवा हात थरथरतो. आधी चहाचा कप उचलताना. मग कोरायची पटाशी धरताना. शेवटचं पान राहिलं, बिबवेवाडीचं, आमच्या स्वतःच्या स्टॉपचं. त्या दिवशी त्यांनी कोरी फळी माझ्यासमोर ठेवली. पटाशी माझ्या हातात दिली.

"हे तुमचं," म्हणाल्या.

"बाई, मला काय येतंय कोरायला?"

"शंकरपाळी कापता ना एकसारखी? मग."

बिबवेवाडी म्हणजे बिबवे काढायचे आणि वाडी काढायची, सोपं. पण आजकाल बिबवा, म्हणजे बिब्बा, ओळखतं कोण? मला माझी आई आठवली. "बिबव्याला हात लावू नगंस, अंगावर उततो त्यो," असं ओरडायची. आणि आठवला आमच्या वेळचा धोबी, जो शर्टाच्या कॉलरच्या आत बिबव्याच्या चिकानं खूण करायचा. कितीही धुवा, ती खूण जात नाही. मी बिबव्यांच्या शेजारी एक शर्टाची कॉलर काढली, आत ती काळी खूण.

बाईंना पसंत पडलं नाही. "कॉलर शब्दात नाही. हे उत्तर सांगणं झालं."

मी म्हटलं, "नाही बाई. ही आठवण करून देणं झालं. साहेब इथे राहिलेत, त्यांचे शर्ट इथल्याच धोब्यानं धुतलेत."

बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. "कोरा."

माझी रेघ त्यांच्यासारखी सरळ नाही. वाडीतलं एक घर कलंडलंय. पण ते पान माझं आहे. माझ्या सातवीच्या शाळेत माझं चित्र कधी भिंतीवर लागलं नव्हतं, आणि आता ते लाकडात होतं.

छपाई आम्ही तिघींनी केली. समईवर धरलेली काजळी, तांदळाची खळ, ओल्या फडक्यात गुंडाळून नरम केलेला हातकागद. घासायला वाटीच्या बुडाला केळीचं सोपट बांधलेलं. बाई फक्त उभ्या राहून म्हणायच्या, "जोर नको. पुरणपोळीवर लाटणं फिरवता तसं." कागद संपेपर्यंत थोड्याच प्रती झाल्या. पानं दुमडून रचली. आता फक्त कडा सारख्या कापून हव्या होत्या, म्हणजे शिवता आलं असतं. ते काम यंत्राचं. मंडईजवळच्या एका बाइंडरकडे आम्ही गठ्ठा घेऊन गेलो. भला माणूस. बाई त्याला म्हणाल्या, "तीन बाजू कापा."

तो म्हणाला, "तीनच कापतो ताई आपण. काळजी नको."

दोन दिवसांनी आम्ही आणायला गेलो. गठ्ठा कागदात छान बांधून ठेवलेला. वर्ध्याच्या सुनेनं सोडला, आणि वरचं पान पंख्याच्या वाऱ्यानं उडालं. मग दुसरं उडालं. सगळी पानं सुटी. दुमड नव्हतीच. ती कापून, अगदी गुळगुळीत कापून टाकली होती.

बाइंडर खुशीत होता. "ताई, पानं सगळी बंद होती समोरून! वाचणार कशी माणसं? मोकळी करून दिली. वर, खाली आणि समोर, तीनच बाजू कापल्या. तुम्ही म्हणालात तशाच. कण्याला हात लावला नाही."

आता त्याचं काय चुकलं? आपल्याकडे पुस्तकाच्या तीन बाजू कापतात त्या वर, खाली आणि समोर. मागचा कणा राखायचा. जपानी पुस्तकाच्याही तीनच बाजू कापतात, पण वर, खाली आणि मागे. समोरची दुमड राखायची. दोघंही तीनच बाजू म्हणत होते, आणि दोघंही आपापल्या धंद्याच्या रिवाजाला धरून बरोबर होते. अख्ख्या जगात ही चूक फक्त मंडईतला बाइंडर आणि आमच्या बाई मिळूनच करू शकत होते.

कागद संपला होता. दिवस संपत आले होते. साहेबांच्या मुलीचा पुन्हा फोन येऊन गेला होता, बाबांना आता वर्तमानपत्राची मोठी अक्षरंच दिसतात म्हणून. वर्ध्याची सून तिथेच रडायला लागली. "आता काय करून राहिलो आपण, काकू? म्हाताऱ्याले काय पाठवायचं?" बाइंडरचा चेहरा पांढरा पडला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताई, मी काही चुकीचं केलं का?"

मला वाटलं आता बाई त्याला असं काही बोलतील की त्याच्या दुकानाचं शटर आपोआप खाली येईल. बाईंनी एकेक पान जमिनीवरून उचललं. सगळी उचलून झाल्यावर त्याला म्हणाल्या, "नाही हो. चूक माझी. तुम्हाला मी कोडं घातलं. तिथे उत्तर सांगायला हवं होतं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘उत्तर सांगायला हवं होतं’ हे मी पहिल्यांदा ऐकलं. रिक्षात त्या गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सिग्नलला म्हणाल्या, "त्यांना वाटेल मी विसरले. आणि मग त्यांना दिसेनासंच होईल."

मी म्हटलं, "बाई, फाटलेला अभ्रा आपण फेकतो का?"

"म्हणजे?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पान अभ्र्यासारखं असतं. मग आतून ठिगळ लावू. बाहेरून दिसणार नाही."

घरी आल्यावर मी गव्हाची खळ शिजवली, एकही गाठ न ठेवता. वर्ध्याच्या सुनेनं पांढरा पतंगाचा कागद आणला, त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. एक प्रत निवडली. दोन सुटी पानं कडेला कड लावून पालथी ठेवायची, मधे पट्टी चिकटवायची, वाळली की हळूच दुमडायची. बाई यावेळी सगळं सांगत होत्या, न विचारता सांगत होत्या. "खळ कमी. कडा आधी जुळवा. आता सोडा. आता दुमडा." पापड वाळत घालतो तशी पानं माझ्या घरभर, पलंगावर, टीव्हीवर, देवघरापुढे. घरी जेवायला जागा नव्हती. माझे यजमान ताट घेऊन जिन्यात बसले, आणि सेक्रेटरींनी त्यांना तिथे पाहून काही विचारायचं टाळलं.

मग ती प्रत बाईंनी सुई-दोऱ्यानं शिवली. हात थरथरतच होता, तर मी पानांचं भोक सुईसमोर धरायचे आणि त्या सुई घालायच्या. शेवटच्या पानावर, जिथे जुन्या पुस्तकात कोरणाऱ्याचं नाव असतं, तिथे त्यांनी आमची तिघींची नावं सरळ, स्वच्छ मराठीत लिहिली. कोडं नाही काही नाही. मी विचारलं, "हे असं उघड?" तर म्हणाल्या, "हे कळलंच पाहिजे."

आता उरलेल्या प्रतींच्या सुट्या पानांचं सांगते. ती बाईंनी ज्या त्या गावाला वाटली. स्वारगेटचं पान तिथल्या चहावाल्याला, धनकवडीचं एका शिंपिणीला, मांजरीचं माझ्या भाच्याच्या दुकानात. कधी गेलात तर काउंटरच्या मागे बघा. आणि विचारू नका काय आहे म्हणून. त्यांना सांगायची परवानगी नाही.

पुस्तक जपानला पोचलं. मग एका सकाळी व्हिडिओ कॉल. बाईंच्या टेबलाशी आम्ही तिघी, इस्त्रीच्या साड्या नेसून. पडद्यावर साहेब, एवढेसे झालेले, मांडीवर आमचं पुस्तक. बाई जपानीत काही म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली आणि पहिलं पान डोळ्याला अगदी टेकवलं. मग मान वर केली, आणि त्या खोलीतून, समुद्रापलीकडून, कंडक्टरच्या आवाजात आलं, "स्वारगेऽऽट! चला, उतरून घ्या!"

वर्ध्याच्या सुनेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

धनकवडी आली. येरवड्याला हसले. सासवडला त्यांनी मुलीला हात करून सासू दाखवली. मांजरीला "म्याँव" म्हणाले. मधेच एका पानात बोट घातलं, आतली पट्टी बोटाला लागली, आणि त्यांनी बाईंकडे बघून काहीतरी विचारलं. बाईंनी एकच शब्द म्हटला, "कामावानु." साहेब खोकला येईपर्यंत हसले.

मग माझं पान आलं.

साहेबांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं. पुन्हा जवळ नेलं. कलंडलेल्या घरावर बोट फिरवलं. काही नाही. मुलीनं मागून हळूच काही विचारलं, त्यांनी मान हलवली. घर वाकडं कोरलं मी, बिबव्याला बिबव्याचा आकार आला नाही, बाईंची सगळी पानं ओळखली आणि माझंच राहणार.

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. ज्या बाईंनी ताक मागतानासुद्धा कधी उत्तर सांगितलं नव्हतं, त्या अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "सांगू का?"

मला विचारत होत्या. पान माझं होतं ना.

मी म्हटलं, "नको बाई. थांबू."

थांबलो. पडद्यावर साहेबांचं बोट हळूहळू कॉलरवर आलं. तिथल्या काळ्या खुणेवर थांबलं. मग त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि तोच हात स्वतःच्या मानेमागे नेऊन आपली कॉलर आतून चाचपली. जणू अजून तिथे काहीतरी असणार होतं. आणि म्हातारा खुर्चीत सरळ बसला.

"बिबवेवाडी!" ते ओरडले. "लास्ट स्टॉप! चला, सगळे उतरा!"

बाई उठून उभ्या राहिल्या. खरंच उभ्या राहिल्या, बसमधून उतरायचं असल्यासारख्या. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, पुन्हा खाली बसल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली.